कॅल्क्युलसच्या आधीचं वर्ष

अमेरिकेतल्या कॉलेजांत ‘प्रीकॅल्क्युलस’ नावाचा एक स्वतंत्र कोर्स असतो. कॅल्क्युलसच्या वर्गात बसण्याआधी फंक्शन, लॉगॅरिदम, त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमिती एवढं हाताखालून गेलेलं असावं म्हणून तो घेतात. आधी काय यायला हवं, वर्गात काय अपेक्षित आहे, हे कोर्सच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. आपल्याकडे या नावाचा विषय कुठेच नाही. त्यातला मजकूर मात्र आहे, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या विज्ञान शाखेच्या मुलांच्या पुढ्यात तो दरवर्षी येतो. राज्य मंडळाच्या अकरावीतला ‘गणित आणि संख्याशास्त्र’ हा विषय म्हणजेच तो. या वर्षाच्या पूर्वअटी मात्र कोणी लिहून देत नाही. दहावीचे टक्के कट-ऑफमध्ये बसले की प्रवेश मिळतो, आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरात घरात वाक्य ऐकू येतं: ‘दहावीला तर चांगले मार्क होते, आता काय झालं?’

काय झालं ते नीट समजून घेऊ.

आपली ज्युनिअर कॉलेजची व्यवस्था दहा अधिक दोन या आकृतिबंधातून आली. जुनी अकरावीची मॅट्रिक संपून नवी दहावी सुरू झाली ती १९७५ च्या सुमारास. शाळा दहावीला संपू लागली आणि पुढची दोन वर्षं कॉलेजांच्या आवारात गेली. म्हणून ठाण्याचं बांदोडकर, कल्याणचं बिर्ला, डोंबिवलीचं पेंढरकर ही पदवी महाविद्यालयं असूनही अकरावी-बारावीची मुलं तिथेच दिसतात. मुंबई महानगर क्षेत्रात अकरावीचा प्रवेश ऑनलाइन होतो, आणि २०२५ पासून ही पद्धत साऱ्या राज्याला लागू झाली आहे. या प्रवेशात दहावीच्या एकूण गुणांवर यादी लागते. गणितात किती मिळाले हे त्या यादीत वेगळं कोणी बघत नाही. भाषा आणि सामाजिक शास्त्रांच्या जोरावर नव्वदीपार गेलेला मुलगा आणि गणितात पैकीच्या पैकी मिळवलेली मुलगी एकाच बाकावर येतात, आणि शिकवणारे सर दोघांना एकच धरून फळ्याकडे वळतात.

त्याआधी एक प्रश्न सोडवून टाकावा: गणित घ्यायचंच का? विज्ञान शाखेत पीसीएम, पीसीबी, पीसीएमबी असे गट मुलं निवडतात. डॉक्टरकीकडेच जायचं असेल तर गणित सोडता येतं. इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरला गणित लागतं. एनडीएतून नौदलात किंवा हवाई दलात जायचं तर बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राबरोबर गणित हवंच. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. आयटीलाही बारावीचं गणित विचारतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी पुढचं पक्कं ठरलेलं नसेल तर गणित ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नंतर सोडता येतं, नंतर घेता मात्र येत नाही. वाणिज्य शाखेत गणित ऐच्छिक आहे. त्यातही संच, फंक्शन, लिमिट, डिफरन्शिएशन आहे, फक्त त्रिकोणमिती नाही. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेलेल्यांचीही सुटका नाही, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात लॉगॅरिदम, डिटरमिनंट आणि त्रिकोणमिती येतेच.

विज्ञान शाखेसाठी बालभारतीने २०१९ मध्ये आणलेली दोन पुस्तकं आहेत. भाग एकमध्ये कोन आणि त्याचं मापन, त्रिकोणमितीची दोन प्रकरणं, डिटरमिनंट आणि मॅट्रिक्स, सरळ रेषा, वर्तुळ, शांकव, विचलनाची मापं आणि संभाव्यता आहे. भाग दोनमध्ये कॉम्प्लेक्स नंबर, श्रेढी, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, इंडक्शन आणि बायनॉमिअल प्रमेय, संच आणि संबंध, फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि शेवटी डिफरन्शिएशन. म्हणजे एकूण अठरा प्रकरणं, आणि त्यातली शेवटची तीन प्रत्यक्ष कॅल्क्युलसची. बऱ्याच कॉलेजांत दोन्ही भाग दोन शिक्षक बरोबरीने शिकवतात. प्रवेशाच्या फेऱ्या लांबतात, वर्ग भर पावसाळ्यात सुरू होतात, त्यामुळे ही शेवटची तीन प्रकरणं वर्षाच्या टोकाला घाईत उरकली जातात. बारावीचं भाग दोनचं पुस्तक मात्र डिफरन्शिएशनपासूनच सुरू होतं.

आता न लिहिलेल्या पूर्वअटी. दहावीला बीजगणित आणि भूमिती असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात आणि वीस गुण अंतर्गत. एवढ्यात चांगले मार्क मिळवायला ठरावीक प्रकारची उदाहरणं पाठ असली तरी चालतं. अकरावीला ते चालत नाही, कारण तिथे वर्गसमीकरण हा स्वतंत्र प्रश्न म्हणून येत नाही. तो वर्तुळाच्या उदाहरणात चौथ्या पायरीला येतो, आणि सर तो ‘सोडवला की’ म्हणून पुढे जातात.

पुढच्या काही गोष्टी वहीत न बघता करून पाहा. नऊ अधिक सोळाचं वर्गमूळ किती? पाच. ज्याच्या मनात क्षणभर तीन अधिक चार, सात असं आलं, त्याची लिमिटच्या प्रकरणात फार गाळण उडणार. क्ष² = ५क्ष याची उत्तरं किती? दोन्ही बाजूंना क्ष ने भागून ‘क्ष = ५’ लिहिणारी मुलं बरीच असतात. शून्य हे दुसरं उत्तर हरवतं, कारण ज्याने भागलं ते शून्य असू शकतं हे लक्षातच आलेलं नसतं. क्ष² = ९ म्हणजे क्ष अधिक किंवा उणे तीन, पण ९ चं वर्गमूळ म्हणून चिन्ह लिहिलं की ते फक्त तीन. अंशात ‘क्ष + ३’ आणि छेदात ३ असताना तीनाला तीन उडवता येत नाही. करणी असलेल्या छेदाचं परिमेयीकरण, सहगुणकांसह वर्ग पूर्ण करणं, बहुपदीचे अवयव, केवल मूल्य: हे सगळं नववीच्या ‘वास्तव संख्या’ आणि ‘बहुपदी’ या प्रकरणांत आणि दहावीच्या वर्गसमीकरणांत आहे. अकरावीत अडकलेल्या मुलाची वही मी पाहतो तेव्हा चूक बहुतेक वेळा अकरावीची नसते. ती नववीची असते.

भूमितीतून तीन गोष्टी हव्यात: समरूप त्रिकोण, पायथागोरसचं प्रमेय आणि निर्देशक भूमितीतलं अंतराचं सूत्र. चढ म्हणजे काय हेही दहावीला शिकवलेलं असतं. त्रिकोणमितीतून मूळ गुणोत्तरं आणि तीन नित्य समानता पुरेत.

मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांपुढे आणखी एक काम असतं. आपल्या भागात विज्ञानाचे अकरावीचे वर्ग जवळपास सगळे इंग्रजीत चालतात. सेमी-इंग्रजीत शिकलेल्यांना गणिताचे शब्द ओळखीचे असतात, पूर्ण मराठीत शिकलेल्यांना नसतात. वर्गसमीकरण हे क्वाड्रॅटिक इक्वेशन होतं, बहुपदी पॉलिनॉमिअल, छेद डिनॉमिनेटर, करणी सर्ड, चढ स्लोप, संच सेट, जीवा कॉर्ड. पन्नास-साठ शब्दांची अशी दोन रकान्यांची यादी स्वतःच्या हाताने केली आणि पहिल्या दोन महिन्यांत रोज चाळली, तर ही अडचण दिवाळीपर्यंत संपते. ती गणिताची अडचण नाही हे त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना कोणीतरी सांगायला हवं, कारण नेमक्या त्याच काळात ‘मला मॅथ्स जमत नाही’ हा ग्रह पक्का होतो.

आता वर्षाच्या गाभ्याकडे. माझ्या मते अठरा प्रकरणांतलं सर्वांत महत्त्वाचं प्रकरण फंक्शनचं आहे, आणि ते भाग दोनमध्ये सहावं येतं ही गैरसोय आहे. आधीच्या पाचांसाठी थांबू नका. सुट्टीतच संच आणि संबंध, आणि त्यापाठोपाठ फंक्शन वाचून काढा.

ठाण्यात मीटरने रिक्षा करणाऱ्याला फंक्शन रोज भेटतं. मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. दर बदलतील, मांडणी तीच राहील. अंतर क्ष किलोमीटर धरा, थांबण्याचे पैसे आणि मीटरचं पूर्णांक करणं बाजूला ठेवा. क्ष दीडपर्यंत असेल तर भाडं २६. क्ष दीडपेक्षा जास्त असेल तर भाडं २६ + १७.१४ × (क्ष − १.५). साडेतीन किलोमीटर गेलात तर ६० रुपये २८ पैसे, साडेपाच गेलात तर ९४ रुपये ५६ पैसे. प्रत्येक अंतराला एक आणि एकच भाडं आहे, म्हणून हे फंक्शन. अंतर शून्यापेक्षा मोठंच असणार, हे त्याचं डोमेन. भाडं २६ पेक्षा कमी कधीच येणार नाही, म्हणून २६ आणि त्यापुढचे आकडे ही त्याची रेंज. एका फंक्शनला दोन सूत्रं असू शकतात, हे ऐकून मुलं पहिल्यांदा गडबडतात. रिक्षाच्या मीटरलाही दोन आहेत.

आता उलटं विचारा. भाडं ६० रुपये २८ पैसे झालं, तर अंतर किती? साडेतीन, शंकाच नाही. भाडं २६ झालं, तर? अर्धा किलोमीटर असेल, एक असेल, दीडही असेल. म्हणजे भाड्यावरून अंतर सांगणारं उलटं फंक्शन पूर्ण डोमेनवर मिळत नाही. दीडच्या पुढे मात्र मिळतं. ‘इन्व्हर्स फंक्शन हवं तर मूळ फंक्शन वन-वन आणि ऑन्टो असावं लागतं’ ही ओळ पुस्तकात आहे, ती का आहे ते इथे दिसतं. बारावीत इन्व्हर्स साइन आणि इन्व्हर्स टॅन येतात तेव्हा त्यांना डोमेनचं कुंपण का घातलेलं असतं, याचंही उत्तर हेच.

या उदाहरणाचा आलेख काढून ठेवा. आधी सपाट रेघ, दीडपासून चढती रेघ. दीडच्या ठिकाणी डावीकडून आलात तरी २६, उजवीकडून आलात तरी २६, रेघ तुटत नाही: ही कंटिन्युइटी. पण डावीकडे चढ शून्य आणि उजवीकडे १७.१४, त्या कोपऱ्यावर एकच चढ सांगता येत नाही, म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह नाही. वर्षाच्या शेवटची तीन प्रकरणं या एका आलेखावर दाखवता येतात.

लॉगॅरिदम हा खरा खड्डा आहे. दहावीच्या गणितात तो नाही. अकरावीच्या गणितात तो फंक्शनच्या प्रकरणाच्या पोटात येतो, म्हणजे बराच उशिरा. पण भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राची आकडेमोड पहिल्या महिन्यापासून लॉग टेबलाने करायची असते, कारण मंडळाच्या परीक्षेत कॅल्क्युलेटर चालत नाही आणि लॉग टेबल चालतं. मुलं टेबल बघायला शिकतात, लॉग म्हणजे काय ते कळायच्या आधी. म्हणून हे सुट्टीतच करा. दहाचा कितवा घात केला की शंभर? दुसरा. म्हणून शंभरचा लॉग दोन. हजाराचा तीन. शंभर गुणिले हजार म्हणजे एक लाख, त्याचा लॉग पाच. गुणाकाराच्या जागी बेरीज आली, कारण घातांकांची बेरीज होते, आणि घातांकाचे नियम तर शाळेतच झाले आहेत. बेरजेचा लॉग मात्र सुटत नाही. अ अधिक ब चा लॉग म्हणजे दोघांच्या लॉगची बेरीज, असं लिहिणारा हात वेळीच थांबवायला हवा.

त्रिकोणमितीत दहावी ते अकरावी ही उडी सर्वांत मोठी आहे. दहावीला कोन काटकोन त्रिकोणात बसतो, शून्य ते नव्वद अंशांत. अकरावीला तो हजार अंशांचा असतो, उणे असतो, आणि मुख्य म्हणजे तो रेडियनमध्ये असतो. रेडियन कशाला, अंश काय वाईट होते, असा प्रश्न मुलं विचारतात आणि त्यांना विचारू द्यावा. वीस सेंटिमीटर त्रिज्येचं चाक एक रेडियन फिरलं की गाडी बरोबर वीस सेंटिमीटर पुढे सरकते. त्रिज्या गुणिले कोन म्हणजे कंसाची लांबी, मध्ये कुठलाही जादा गुणक नाही. एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश १७ मिनिटं. खरा फायदा पुढे कळतो. कोन लहान लहान होत गेला की साइनला त्या कोनाने भागून येणारी किंमत एककडे जाते. ०.१ रेडियनला ती ०.९९८३ आहे. हे फक्त रेडियनमध्ये खरं आहे, अंशांत मोजलं तर तीच किंमत ०.०१७४५ च्या आसपास थांबते. साइनचा डेरिव्हेटिव्ह कोसाइन येतो तो या ‘एक’मुळे.

सूत्रांची भीती अनेकांना असते: बेरजेची, वजाबाकीची, दुप्पट कोनाची, अर्ध्या कोनाची, बेरजेचं गुणाकारात रूपांतर करणारी. भिंतीवर तक्ता लावून पाठ करण्याचा उद्योग दोन आठवड्यांत विरतो. एक सूत्र सिद्ध करायला शिका: अ वजा ब या कोनाचा कोसाइन. एकक वर्तुळावर दोन बिंदू घेऊन, दहावीचं अंतराचं सूत्र वापरून ते निघतं. त्यात ब च्या जागी उणे ब घाला, बेरजेचं सूत्र आलं. अ च्या जागी नव्वद वजा अ घाला, साइनचं आलं. दोन्ही कोन सारखे घ्या, दुप्पट कोनाचं आलं. दोन सूत्रांची बेरीज-वजाबाकी करा, गुणाकाराची आली. ही साखळी कोऱ्या कागदावर महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी लिहा. बारावीत कोसाइनच्या वर्गाचं इंटिग्रेशन करायचं असतं तेव्हा याच साखळीतली दुप्पट कोनाची कडी लागते, आणि ती आठवत नसेल तर ते उदाहरण पहिल्या ओळीतच थांबतं.

सरळ रेषा, वर्तुळ आणि शांकव यांत नवी कल्पना कमी आणि शिस्त जास्त आहे. क्ष² + य² − ४क्ष + ६य − १२ = ० हे समीकरण घ्या. वर्ग पूर्ण केले की (क्ष − २)² + (य + ३)² = २५ होतं, म्हणजे केंद्र (२, −३) आणि त्रिज्या ५. यात लागलं ते सगळं दहावीचं. आकृती काढल्याशिवाय या प्रकरणांतलं एकही उदाहरण सोडवायला घेऊ नये, कच्ची का असेना.

परम्युटेशन-कॉम्बिनेशन मुलांना नवं आणि परकं वाटतं, म्हणून त्याची इथली ओळख सांगावीशी वाटते. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’ लिहिली. त्यांच्या विद्येच्या परंपरेची नोंद करणारा शिलालेख आपल्याच राज्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे आहे. ‘लीलावती’तल्या अंकपाश या भागात प्रश्न आहे: शंकराच्या दहा हातांत दहा वस्तू, त्या आलटून पालटून किती मूर्ती होतील? आणि विष्णूच्या चार हातांत चार वस्तू असतील तर? विष्णूच्या चोवीस, शंकराच्या ३६,२८,८००. पहिल्या हाताला दहा पर्याय, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आठ, असा गुणाकार. आजच्या पुस्तकातला दहा फॅक्टोरिअल तो हाच. या प्रकरणात सूत्राआधी ‘पहिल्या जागेला किती पर्याय’ हा प्रश्न विचारायची सवय लागली की निम्मं काम झालं. बायनॉमिअल प्रमेय याच्यानंतरच वाचावं, नाहीतर त्यातले सहगुणक आकाशातून पडल्यासारखे वाटतात.

कॉम्प्लेक्स नंबर दहावीत अर्धवट सोडलेल्या वर्गसमीकरणांना उत्तरं देतात. मुंबई विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित याच विषयाने सुरू होत आलं आहे, तेव्हा हे प्रकरण ऑप्शनला टाकू नये. डिटरमिनंट बारावीत व्हेक्टरच्या गुणाकाराला लागतात. विचलन आणि संभाव्यता ही तुलनेने सोपी, नीट वाचली तर गुण देणारी प्रकरणं आहेत.

आणि मग लिमिट. क्ष² − ९ ला क्ष − ३ ने भागायचं, क्ष तीनच्या जवळ जातोय. थेट तीन घातलं तर शून्य भागिले शून्य. अवयव पाडा, क्ष − ३ उडतो (क्ष तीनच्या जवळ आहे पण तीन नाही, म्हणून उडवता येतो), उरतो क्ष + ३, उत्तर सहा. दुसरं उदाहरण: क्ष + ४ च्या वर्गमुळातून २ वजा करून क्ष ने भागायचं, क्ष शून्याकडे. अंशाचं परिमेयीकरण केलं की क्ष उडतो आणि उत्तर एक-चतुर्थांश येतं. नवी कल्पना एकच: ‘जवळ जाणं’. बाकी सगळे नववी-दहावीचे अवयव आणि करण्या. त्यामुळे ज्याचं बीजगणित कच्चं आहे त्याला लिमिट अवघड वाटतं, आणि तो कॅल्क्युलसला घाबरतो. तो ज्याला घाबरतो त्याची त्याच्याशी अजून भेटच झालेली नसते. डिफरन्शिएशन म्हणजे या लिमिटचाच एक उपयोग. क्ष वर्गाचं घ्या: (क्ष + ह)² मधून क्ष² वजा करून ह ने भागलं की २क्ष + ह, ह शून्याकडे नेला की २क्ष. क्ष चा कुठलाही घात घेतला की तिथे बायनॉमिअल प्रमेय कामाला येतं.

कॉलेजच्या अपेक्षांबद्दल थोडं. हजेरी ७५ टक्के लागते. गणितालाही प्रॅक्टिकल आणि जर्नल असतं, आणि बारावीला ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुणांचं प्रॅक्टिकल अशी विभागणी आहे. त्या तीन तासांच्या लेखी पेपरात १६ गुण बहुपर्यायी प्रश्नांना आणि ४ गुण एकेका गुणाच्या प्रश्नांना. उरलेल्या साठांत दोन, तीन आणि चार गुणांची उदाहरणं, ज्यांत पायऱ्यांना गुण मिळतात. पायरी लिहिण्याची सवय बारावीच्या जानेवारीत लागत नाही. अकरावीची परीक्षा कॉलेजच घेतं, बोर्ड नाही. त्यामुळे ‘अकरावी म्हणजे आराम’ हा समज घराघरांत आहे, आणि याहून महाग समज मला माहीत नाही. एमएचटी-सीईटीत गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, ९० मिनिटं, आणि त्यातले साधारण वीस टक्के अकरावीचे. जेईई मेनमध्ये दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि चुकीच्या उत्तराला गुण कापतात.

क्लास लावावा का, हा डोंबिवलीत टाळता न येणारा प्रश्न. चांगला क्लास मदत करतो. पण कागदावर एका कॉलेजात प्रवेश आणि प्रत्यक्षात दिवसभर क्लासमध्ये, अशा ‘इंटिग्रेटेड’ व्यवस्थेत मूल प्रश्नसंच सोडवायला शिकतं आणि प्रमेय सिद्ध करणं राहून जातं, असा माझा अनुभव आहे. लोकलचाही हिशोब करा. कल्याणहून किंवा बदलापूरहून मुलुंड-माटुंग्याला जाणाऱ्या मुलाचे रोज दोन-तीन तास प्रवासात जातात, उभं राहून. नावाजलेल्या कॉलेजासाठी ते तास द्यायचे की जवळच्या कॉलेजात राहून तेच तास उदाहरणांना द्यायचे, हे प्रवेशाचा पसंतीक्रम भरतानाच ठरवावं. गणितापुरतं विचाराल तर मी जवळचं कॉलेज घेईन.

वेळ कुठून काढायचा याचं उत्तर कॅलेंडरमध्ये आहे. दहावीचा शेवटचा पेपर मार्चमध्ये होतो, अकरावीचे वर्ग भरतात तोवर तीन-चार महिने गेलेले असतात. त्यातला एक महिना मुलांना मोकळा द्या, त्यांनी कष्ट केलेले असतात. उरलेल्या दिवसांत रोज एक तास: आधी नववीच्या बहुपदी आणि वास्तव संख्या, मग वर्गसमीकरणं, मग घातांक आणि लॉग, मग संच आणि फंक्शन. अकरावीची पुस्तकं ई-बालभारतीवर मोफत मिळतात, त्यासाठी कुठली फी भरावी लागत नाही. आणि निकाल लागला की घर आवरताना नववी-दहावीची गणिताची चारही पुस्तकं रद्दीत देऊ नका. पुढची दोन वर्षं ती टेबलावर लागणार आहेत.